सव्वानऊ काका

काकांना फोन करायचा तर सकाळी सव्वानऊच्या आत करावा, नाहीतर दुपारी साडेतीनच्या नंतर. मधले सव्वासहा तास ते पेशंटपाशी असतात.

नागपूरच्या धंतोलीत हे वाक्य कोणालाच विचित्र वाटत नाही. इथे प्रत्येकाचा कुठे ना कुठे पेशंट असतो, आणि स्वतःचा नसला तर दुसऱ्याचा पेशंट आपल्या फाटकासमोर गाडी लावून जातो. एकेकाळी इथे बंगले होते, आंब्याची झाडं होती आणि दुपारी झोप लागायची. आता दवाखाने आहेत. शरीराचा असा एकही अवयव नाही ज्याचा स्पेशालिस्ट आमच्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर सापडत नाही. रस्त्यावर चंद्रपूर, यवतमाळपासून पार बालाघाट, बैतूलपर्यंतच्या गाड्या, पायऱ्यांवर डबे घेऊन बसलेले नातेवाईक, आणि दर तासाला सिस्टरला तोच प्रश्न : "आता कसं आहे?" सिस्टरचं उत्तरही तेच : "आहे तसंच आहे."

काकांचा पेशंट मात्र घरीच अ‍ॅडमिट आहे. मोबाईलमध्ये. सहा म्युच्युअल फंड.

त्यांना सव्वानऊ काका हे नाव आमच्या इमारतीतल्या पोट्ट्यांनी दिलं. बाजार सव्वानऊला उघडतो आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या मजल्यावर काकूंच्या हातची पोह्यांची बशी काकांसमोर येते. साडेनऊला ती तशीच परत जाते, सांबार सुकलेला. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीशी त्याचा संबंध नाही.) नऊ ते सव्वानऊ हा बाजाराचा तयारीचा वेळ. त्या पंधरा मिनिटांत काकांचीही तयारी चालते : चष्मा पुसणं, कूलरची दिशा बदलणं, आणि रजिस्टर उघडणं.

रजिस्टर. याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. काका एजी ऑफिसातले, म्हणजे महालेखापाल कार्यालयातले. सिव्हिल लाइन्समध्ये छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या हिशेबांवर आक्षेप घेतले. नोकरीला लागले 1978 मध्ये. सेन्सेक्सचा शंभराचा पाया धरतात तोही त्याच 1978-79 सालातला, पण पुढली छत्तीस वर्षं दोघांची ओळख झाली नाही. काका पोस्टाची सर्टिफिकेटं घेत राहिले आणि सेन्सेक्स आपला चढत राहिला. 2014 मध्ये रिटायर झाल्यावर बंगळुरूच्या मुलाने फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं आणि ग्रॅच्युइटीतला एक वाटा फंडांत वळवला. "बाबा, हे दहा-पंधरा वर्षं विसरून जायचे पैसे," असं तो विमानतळावर जाताना बोलला. काकांनी ते वाक्यसुद्धा रजिस्टरच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहून ठेवलं आहे.

रजिस्टरला चार रकाने. वेळ, आकडा, फरक, शेरा. पहिले तीन कोणीही भरेल. काकांची प्रतिभा चौथ्यात. "स्थिर." "किंचित अस्वस्थ." "सुधारणा, परंतु निरीक्षणाखाली." "संध्याकाळपर्यंत वाट पाहावी." मी पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा मला वाटलं काकूंच्या मेहुण्यांची बायपास झाली तेव्हाचं असेल.

आणि यातली मौज अशी की दिवसभर काका जो आकडा पाहतात तो कालचा असतो. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, दिवसातून एकदाच ठरते. बाजार बंद झाल्यावर हिशेब होतो आणि आकडा रात्री लागतो. सकाळी सव्वानऊला, अकराला, दीडला आणि तीनला अ‍ॅपमधली रक्कम पैशानेही हलत नाही. हलतो तो टीव्हीवरचा सेन्सेक्स. काका टीव्हीवर सेन्सेक्स पाहतात, मनात गुणाकार करतात, आणि मग अ‍ॅपमध्ये जाऊन न हललेली रक्कम पुन्हा उतरवतात.

"काका, शिळी पोळी कितीदा उलटली तरी ताजी होते का?" मी एकदा न राहवून विचारलं.

"बाबू, पोळी शिळी असो की ताजी. डब्यात आहे की नाही, हे पाहावं लागते."

ते म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. मला कळलं, आता युनिट ट्रस्ट येणार.

नव्वदच्या दशकात काकांनी युनिट ट्रस्टच्या यूएस-64 ची युनिटं घेतली होती. साऱ्या ऑफिसनेच घेतली होती. तेव्हा ते युनिट घेणं म्हणजे घरात तुळस लावण्यासारखं होतं, रोज जाऊन कोणी पानं मोजत नसे. 2 जुलै 2001 ला बातमी आली की त्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिने बंद. काका ही तारीख अशी सांगतात जशी इतर लोक लग्नाची सांगतात, म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर टाकून. "मी पाहिलं नव्हतं. सहा वर्षं पाहिलंच नव्हतं मी."

पुढली हकीकत ते सांगत नाहीत, ती काकू सांगतात. सरकारने 2003 मध्ये त्या युनिटांच्या बदल्यात पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखे दिले आणि 2008 ला त्यांचे पैसे हातात आले. "त्याच पैशाची ही ग्रिल," असं म्हणून काकू गॅलरीकडे बोट दाखवतात. काका तेव्हापासून त्याच ग्रिलला टेकून आपले पैसे बुडाले म्हणून सांगून राहिले आहेत.

तसे काका मुद्द्याचे पक्के. एकदा मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं की 1995 मध्ये श्लोमो बेनार्त्झी आणि रिचर्ड थेलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गुंतवणूक सारखी पाहत राहण्यावरच निबंध लिहिला. त्यातल्या थेलर यांना पुढे 2017 चं नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा सोपा आहे. सीताबर्डीवर शंभराची नोट हरवली आणि त्याच दिवशी शंभराचीच सापडली, तर खिशाचा हिशेब शून्य होतो, पण मन रात्रभर हरवलेल्या नोटेपाशी जागं राहतं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख दुपटीने मोठं. शेअर बाजार एखाद्या दिवशी चढणं आणि उतरणं हे जवळपास निम्मं-निम्मं. तेव्हा रोज पाहणाऱ्याच्या वाट्याला दुःखच जास्त येतं. वर्षातून एकदा पाहिलं तर चढलेली वर्षं जास्त दिसतात आणि माणूस शांत झोपतो. शिवाय घाबरून विकत नाही.

काकांनी शांतपणे ऐकलं. आक्षेप लिहिण्याआधी एजी ऑफिसचा माणूस नेहमी शांत ऐकतो.

"त्या साहेबांना म्हणा, नागपूरला या एकदा. आपल्या जिल्हा बँकेनं काय केलं होतं?"

मी गप्प. कारण इथे काकांचं नाणं खणखणीत होतं. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड आणि इतर दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. 2002 मध्ये ते उघडकीला आलं तेव्हा आकडा दीडशे कोटींच्या घरात होता आणि कोर्टाचा निकाल लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला. ते पैसे कास्तकारांचे. "कोणी एकानं कपाट उघडून पाहिलं असतं," काका म्हणाले, "रोखे कुठे आहेत म्हणून? एकानं?"

आणि मग 2013-14 ची आठवण. त्या दोन वर्षांत नागपुरात महिन्याला ठरलेलं व्याज देणारी, दामदुप्पट करणारी दुकानं एकामागून एक बंद पडली आणि चांगली शिकलेली, पेन्शनीत निघालेली माणसं पोलीस स्टेशनच्या बाकावर बसली. ते पैसे रोज पाहायची कोणाला गरजच वाटली नव्हती, कारण तिथला आकडा कधी खाली येत नसे. जो आकडा कधीच हलत नाही त्याला लोक विश्वासू समजतात. काकांचा आकडा हलतो म्हणून तर त्यांचा त्याच्यावर संशय.

माझं म्हणणं इतकंच की काका दोन गोष्टींची गल्लत करतात. "आहे का" हे पाहणं वेगळं आणि "किती आहे" हे पाहणं वेगळं. पहिल्याला त्यांच्याच ऑफिसच्या भाषेत प्रत्यक्ष पडताळणी म्हणतात आणि ती त्यांनी स्वतः छत्तीस वर्षं वर्षातून एकदाच करवली. पण हे त्यांना बोलून दाखवायची माझी छाती नाही.

ते बोलू शकतात ते आमच्या तळमजल्यावरचे डॉक्टर. काकूंना शुगर आहे. काकांनी घरात ग्लुकोमीटर आणला आणि पंधरा दिवसांत काकूंच्या दहाही बोटांची चाळणी झाली. त्याचंही रजिस्टर. शेवटी डॉक्टरांनी मध्ये पडून सांगितलं, हे बंद करा, यांचा त्रास बोटांनाच जास्त होतो आहे. तीन महिन्यांतून एकदा एचबीएवनसी करा, त्यात दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, कालची जिलबी नाही. काकूंनी त्याच रात्री पट्ट्यांची डबी साबुदाण्याच्या डब्यात लपवली. काका दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"बाबू, फंडाची एचबीएवनसी नसते का?"

"असते नं काका. वर्षातून एकदा पाहायची. दिवाळीत, नाहीतर 31 मार्चला."

"एकदाच?"

"एकदाच."

त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो आयसीयूच्या दारावर "भेटण्याची वेळ" ही पाटी वाचून लोकांच्या चेहऱ्यावर येतो.

शनिवार-रविवार हा या घरातला खरा प्रश्न. बाजार बंद, पण सवय उघडी. त्या दोन दिवसांत काका पीपीएफचं पासबुक घेऊन बँकेत जाण्याचं ठरवतात. पीपीएफचं व्याज जमा होतं वर्षातून एकदा, 31 मार्चला. तरी काका दर महिन्याला पासबुक छापून आणतात आणि मशीनने काहीच न छापता बाहेर टाकलं की समाधानाने घरी येतात. त्याचा शेरा ठरलेला : "प्रकृती उत्तम." कोणत्या सोमवारी बाजाराला सुटी आहे हे काकांना पाठ असतं. मुंबईत सुटी आणि नागपुरात चालू, असा दिवस आला की ते सकाळपासून गॅलरीत येरझारा घालतात. शेवटी काकू त्यांना रामकृष्ण मठात आरतीला घेऊन जातात. तिथे तासभर फोन बंद ठेवावा लागतो आणि तो त्यांचा आठवड्यातला सर्वांत खोल श्वास, असं काकूंचं मत.

काकूंची स्वतःची गुंतवणूक म्हणजे चार पाटल्या आणि एक गोफ. 1985 च्या सुमारास घेतलेल्या, तेव्हा सोनं दहा ग्रॅमला दोन हजारांच्या आसपास होतं. काकूंनी त्यानंतर भाव विचारलेला नाही. त्या कपाट लावलं की नाही एवढंच पाहतात, तेही गावाला जाताना.

आता 2024 च्या उन्हाळ्याकडे येतो.

30 मेला रामदासपेठेजवळच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीवरचं स्वयंचलित यंत्र 56 अंश तापमान दाखवून मोकळं झालं. छप्पन! बातमी फोनवर आली तेव्हा संध्याकाळ होती आणि मी चांगला गॅलरीत चहा पीत होतो. आकडा वाचला आणि मला दरदरून घाम फुटला. शेजारच्यांनी कूलरमध्ये बर्फ टाकला. इमारतीतल्या तिघांना चक्कर आल्यासारखं झालं, त्यातले दोघं एसीत बसले होते. मग हवामान खात्याने सांगितलं की यंत्रातच बिघाड होता. घाम मात्र आमचा खरा होता.

पुढच्याच आठवड्यात काकांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. सोमवार, 3 जून. दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकाला, चालत चार मिनिटं. शनिवारी संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले होते. सोमवारी बाजार असा उघडला की काका ऑपरेशनच्या निळ्या टोपीतसुद्धा हसत होते. त्या दिवशी सेन्सेक्स अडीच हजारांनी चढून 76,468 वर गेला. काकांनी शेरा लिहिला, "अत्यंत समाधानकारक," आणि डोळा डॉक्टरांच्या हवाली केला.

डॉक्टरांनी जाताना सांगितलं, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, वेळेवर थेंब टाका. एवढंच. "आणि आठ दिवस मोबाईल पाहायचा नाही," हे काकूंनी घरी येईपर्यंत स्वतःच्या पदरचं जोडलं. फोन साबुदाण्याच्या डब्यात गेला.

मंगळवारी निकाल. काका काळा चष्मा लावून पलंगावर, टीव्ही चालू, नागपूरचा निकाल ऐकणं चाललेलं. साडेअकराच्या पुढे मीही वर गेलो. खाली पट्टीवर लाल आकडे धावत होते. दोन हजार. तीन हजार. दुपारी तर पाहवेना. निवेदिका "तिकडे शेअर बाजारात मात्र" एवढं म्हणाली आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

"काय वाटून राहिली?" काका ओरडले.

"चटणी!"

त्या दिवशी काकूंनी सात वेळा चटणी वाटली. शेंगदाण्याची, जवसाची, तिळाची, कारळाची. शेवटी डाळिंबं, मग नुसतं पाणी. सेन्सेक्स 4,389 अंशांनी पडून 72,079 वर बंद झाला. साडेतीनला मिक्सर थांबला आणि काकू भिंतीला टेकून बसल्या.

संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. "बाबू, अ‍ॅप उघड अन् आकडा वाच."

काकूंनी फोन डब्यातून काढून माझ्या ताब्यात दिला. माझ्या हाताला घाम. अ‍ॅप उघडलं. आणि मग लक्षात आलं, अहो, एनएव्ही रात्री लागते! अ‍ॅपमध्ये अजून सोमवारचाच आकडा होता, आजवरचा सगळ्यांत मोठा. मी खणखणीत आवाजात, अक्षरशः खरं ते वाचून दाखवलं. काकांनी शेरा सांगितला, "कायम." ज्या शिळ्या पोळीची मी आयुष्यभर थट्टा केली तिनेच त्या संध्याकाळी मला जेवू घातलं.

बुधवारी मी सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस या दोन शब्दांपुढे प्रश्न विचारत नाही. गुरुवारीही सर्व्हर डाऊनच होतं. त्या दोन दिवसांत मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे मी स्वतः दिवसातून पंधरा-वीस वेळा काकांचं अ‍ॅप उघडून पाहत होतो, माझा त्यात एक रुपया नसताना. आणि दुसरी अशी की प्रत्येक वेळी अ‍ॅपच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी येत होती, नॉमिनीची नोंद नाही, कृपया करा. दहा वर्षं काकांनी दिवसातून कितीदा तरी रक्कम पाहिली होती. ती पट्टी डाव्या अंगठ्याने सरकवून.

शुक्रवारी बाजार 76,693 वर बंद झाला, म्हणजे सोमवारच्याही वर. काकूंनी रात्री संत्रा बर्फी आणली आणि कारण सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी, 10 जूनला, सव्वानऊला फोन परत मिळाला. नव्या डोळ्याने काकांना आकडा लख्ख दिसला. आठवड्यापूर्वीपेक्षा जास्त. ते खूश झाले. मग त्यांनी बोटाने आलेख मोठा केला. सपाट रेघ, आणि मधेच एक खोल दरी, विहिरीसारखी.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. काळा चष्मा काढला.

"मंगळवारी एवढं सीरियस झालं होतं," ते म्हणाले, "अन् मला कोणी कळवलं नाही?"

मला वाटलं होतं, चिडतील. ते चिडले नव्हते. गावी कोणी अत्यवस्थ असताना ज्याला तार पोचली नाही अशा माणसाचा तो आवाज होता.

"बरं झालं नं आता? घरी आलं नं?" काकू म्हणाल्या आणि पोह्यांची बशी पुढे ठेवली. "खा. गरम आहेत."

मी ती वेळ साधून पिवळी पट्टी दाखवली. काकांनी ती दोनदा वाचली. डोक्याला हात लावला. "बाबू, हा तर तू पॅरा काढला." त्यांनी तिथेच बसून काकूंचं नाव भरलं, सहाही फंडांत. आयुष्यात पहिल्यांदा आक्षेप मान्य करताना मी त्यांना पाहिलं. रजिस्टरमध्ये शेरा पडला : "त्रुटीची पूर्तता केली."

उजव्या डोळ्याची तारीख जुलैत ठरली. डॉक्टरांनी डायरी पाहून 23 सांगितली, मंगळवार.

"त्या दिवशी बजेट आहे," काका म्हणाले. "दुसरा कोणता दिवस द्या डॉक्टरसाहेब. शनिवार चालेल."

डॉक्टर पान उलटू लागले. काका थेंबांची बाटली घ्यायला काउंटरकडे वळले, तशा काकू टेबलावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "23 च ठेवा जी."